‘साहेब, एक सुचलंय’ आणि त्यानंतरचं एक मिनिट

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. एका ड्रिलिंग मशीनवर स्टीलच्या ब्रॅकेटचं काम चालायचं. जॉब, म्हणजे तो ब्रॅकेट, फिक्स्चरवर, म्हणजे त्याला जागी धरणाऱ्या साच्यावर ठेवायचा, क्लँप आवळायचा, चार भोकं पाडायची, काढायचा. अधूनमधून एखाद्या जॉबची भोकं किंचित तिरकी जायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जॉब ज्या पॅडवर टेकतो तिथे आधीच्या जॉबची चिप, म्हणजे ड्रिलने निघालेला धातूचा कीस, राहून जायची, आणि केसाएवढी चिप जरी खाली राहिली तरी जॉब कलतो. त्यावर आमचा ठरलेला उपाय म्हणजे दर वेळी एअर गन मारायची.

त्या मशीनवर जे होते त्यांना वयामुळे सगळे मामा म्हणायचे. एका दुपारी ते म्हणाले, “साहेब, एक सुचलंय. ह्या पॅडला मधून खाच मारून घेतली ना, तर चिप वर राहणारच नाही, खाली पडून जाईल.” मी घड्याळाकडे बघितलं. त्या दिवशी आकडा मागे पडला होता. म्हणालो, “मामा, फिक्स्चरला हात लावायचा तर ड्रॉइंग बदलावं लागतं. आधी आजचं टार्गेट काढू.” ते “बरं” म्हणाले आणि मशीनकडे वळले.

काही महिन्यांनी कस्टमरकडून एक अख्खा लॉट परत आला. डिझाइनचा माणूस आला, त्याने पॅड पाहिले आणि उपाय सांगितला तो नेमका तोच, खाच. एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, टूलरूममध्ये ते काम दोन तासांत उरकलं. परत आलेल्या लॉटचं नुकसान मोजता आलं. मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या दुपारनंतर मामांनी मला काहीही सुचवलेलं नव्हतं, आणि ते गप्प झालेत हे इतके महिने माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हापासून ‘सर्जनशील विचार’, ‘नवनिर्मिती’, ‘इनोव्हेशन’ ह्या विषयावर जे हाती लागलं ते वाचत आलो आहे. शब्द जड आहेत, पण गाभा समजायला अवघड नाही. माझं मत एवढं झालं आहे की कामाच्या जागी कल्पनांचा दुष्काळ फार क्वचित असतो. माणूस कल्पना बोलून दाखवतो आणि वरचा माणूस त्यावर काहीतरी उत्तर देतो, त्या एका मिनिटात बहुतेक निकाल लागून जातो. नेतृत्वाचं काम त्या मिनिटात असतं.

सुचतं म्हणजे काय होतं?

कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. पुढे तो मेणबत्तीचा प्रयोग म्हणून गाजला. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली पुठ्ठ्याची डबी. मेणबत्ती भिंतीवर उभी करायची. लोक मेणबत्तीतूनच टाचणी ठोकायला बघतात, मेण वितळवून ती चिकटवायला बघतात. उत्तर असं आहे की डबी रिकामी करायची, ती टाचणीने भिंतीला लावायची आणि मेणबत्ती तिच्यात उभी करायची. पुष्कळांना ते सुचत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना डबी दिसते ती ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ म्हणून. गंमत अशी की तीच डबी टेबलावर रिकामी ठेवली, टाचण्या बाजूला, तर उत्तर सुचणाऱ्यांची संख्या बरीच वाढते.

म्हणजे सुचणं ही बुद्धीच्या एखाद्या देणगीपेक्षा नजरेच्या मोकळेपणाची गोष्ट जास्त आहे. वस्तूवर, कामावर, माणसावर आपण एक नाव चिकटवून ठेवतो आणि मग त्या नावापलीकडचं दिसेनासं होतं. माझ्या लेखी पॅड म्हणजे ड्रॉइंगमधला एक चौकोन होता. मामा दिवसातून शेकडो वेळा त्याच्यावर हवा मारत होते. त्यांच्या लेखी ती चिप अडकायची जागा होती. खाच त्यांना दिसणार हे साहजिकच होतं.

ह्याच प्रयोगाचा पुढचा भाग कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या प्रत्येक वरिष्ठाने वाचावा असा आहे. सॅम ग्लक्सबर्ग ह्या अमेरिकेतल्या संशोधकाने १९६२ मध्ये काही जणांना सांगितलं की लवकर सोडवाल तर पैसे मिळतील, आणि काही जणांना नुसतंच सोडवायला दिलं. डबी रिकामी ठेवलेल्या सोप्या प्रश्नात पैशांची आशा असलेले पुढे गेले. डबी भरलेली होती तेव्हा मात्र तेच मागे पडले. घाई आणि बक्षीस यांमुळे नजर अरुंद होते. सरळ रस्त्यावर त्याने वेग वाढतो, पण रस्ताच शोधायचा असेल तेव्हा ती अरुंद नजर आडवी येते. त्या दुपारी घड्याळाकडे पाहणाऱ्या माझं नेमकं तेच झालं होतं.

तुटलेला धागा आणि ओढायची दोरी

इचलकरंजी किंवा मालेगावात ज्यांनी यंत्रमाग पाहिला आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. साध्या मागावर ताण्यातला एक धागा तुटला तरी माग आपला खडखडत चालूच राहतो. कारागिराच्या नजरेला ते येईपर्यंत कापडात दोष विणला गेलेला असतो, आणि विणलेलं कापड काही उलटं येत नाही. जपानमधले साकिची तोयोदा लहानपणी आईला हातमागावर विणताना बघत वाढले. त्यांनी आयुष्यभर मागच सुधारले. त्यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटल्याक्षणी आपोआप थांबायचा. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स ह्या इंग्लंडमधल्या माग बनवणाऱ्या मातब्बर कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क १,००,००० पौंडांना घेतले.

साकिचींच्या मुलाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या, ती टोयोटा. धागा तुटला की माग थांबतो हा विचार त्यांनी माणसांच्या रांगेत आणला. तिथे त्याला ‘जिदोका’ म्हणतात. जपानी लिपीत ‘स्वयंचलित’ हा शब्द लिहिताना त्यातल्या एका अक्षराला त्यांनी ‘माणूस’ हे चिन्ह जोडलं. यंत्र चालावं, पण त्यात माणसाचं शहाणपण असावं, असा त्याचा अर्थ. असेंब्ली लाइनवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जायची. काही चुकतंय असं वाटलं की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या ठिकाणाच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही सुटली तर थांबते. एका साध्या कामगाराच्या हातात अख्ख्या लाइनचा लगाम.

ही पद्धत जपानी माणसांच्या शिस्तीवर चालते, आपल्याकडे जमणार नाही, हे वाक्य मी पुण्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर जरा सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. अमेरिकेतल्या वाईटातल्या वाईट कारखान्यांत त्याची गणना व्हायची. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर जायची, कामावर दारू चालायची, अचानक संप व्हायचे. तिथे लाइन थांबवणं हा गुन्हाच मानला जायचा. चूक दिसली तरी गाडी पुढे ढकलायची, शेवटी दुरुस्ती करणारे बघून घेतील. १९८२ मध्ये तो बंद पडला. दोन वर्षांनी टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना ‘नम्मी’ ह्या नावाने पुन्हा उघडला. चालवायचा टोयोटाने. इमारत तीच, युनियन तीच, आणि सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्याच कारखान्यातले.

टोयोटाने त्यांच्यातल्या शेकडो जणांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेलं, ताकाओकाच्या कारखान्यात चालू लाइनवर उभं केलं. ज्यांच्याशी आयुष्यभर वरचा माणूस ओरडूनच बोलला होता, त्यांनी तिथे पाहिलं की मागे पडलेल्या माणसाच्या मदतीला टीम लीडर येतो आणि ‘तुला काय अडतंय, ह्यावर काय करता येईल?’ असं विचारतो. परत आल्यावर फ्रीमॉन्टमध्येही दोरी लागली. जनरल मोटर्सच्या लोकांना धास्ती होती की कामगार हवी तेव्हा लाइन बंद पाडतील. तसं झालं नाही. गैरहजेरी २ टक्क्यांवर आली, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत अव्वल ठरली.

माणसं तीच होती. बदललं होतं ते दोरी ओढल्यानंतरचं मिनिट.

ते मिनिट नुसत्या गोड बोलण्यावर उभं नव्हतं. साहेबांची वेगळी जेवणाची खोली गेली, गाड्यांच्या राखीव जागा गेल्या. कामाचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे हुद्दे होते, ते मोजक्या हुद्द्यांवर आणले. आणि करारात लिहून दिलं गेलं की कामगार कमी करायची वेळ आलीच, तर त्याआधी व्यवस्थापकांचे पगार कापले जातील. १९८८ च्या सुमाराला गाड्यांचा खप खरोखरच घसरला. लाइनवर जास्तीची माणसं झाली. त्यांना घरी पाठवलं नाही, ट्रेनिंगला बसवलं, सुधारणेच्या कामांवर लावलं. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण कामाची सोपी रीत सुचवणारा माणूस मनात एक हिशेब करतच असतो: तीन माणसांचं काम दोघांत होतंय असं मी दाखवलं, तर तिसरा कोण? त्या प्रश्नाचं उत्तर जोवर मालक देत नाही, तोवर ‘मोकळेपणाने सुचवा’ असं म्हणण्याला वजन येत नाही.

जनरल मोटर्सने हे सगळं जवळून पाहिलं आणि लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाईज कारखान्यात तसंच करायला घेतलं. तिथे ते रुजलं नाही. वरिष्ठांना आपले अधिकार सोडवत नव्हते, युनियनला संशय होता, आणि लाइन थांबली की साहेब पूर्वीसारखेच चिडायचे. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. दोरी विकत मिळते. ती ओढणाऱ्याला शिव्या न खाण्याची हमी विकत मिळत नाही.

चुका कुठे जास्त होतात?

हार्वर्डमधल्या संशोधक एमी एडमंडसन १९९० च्या दशकात रुग्णालयांत अभ्यास करत होत्या. औषध देण्यात होणाऱ्या चुका कोणत्या वॉर्डात कमी होतात, हा प्रश्न. अंदाज असा की जिथे प्रमुख चांगला आणि टीम जुळलेली, तिथे चुका कमी असणार. आकडे आले ते उलटे. चांगल्या वॉर्डांतच चुकांची नोंद जास्त होती. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कोडं उलगडलं. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथल्या नर्स त्या सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या झाकल्या जात होत्या.

ह्यातून पुढे आलेल्या कल्पनेला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर, इथे मी प्रश्न विचारला, चूक कबूल केली, अर्धकच्चं काही बोललो, तर माझा पाणउतारा होणार नाही, ही खात्री. लाड, ढिलाई, सगळ्यांना हो म्हणणं, हा तिचा अर्थ नाही. नवी कल्पना जन्मतःच अर्धकच्ची असते. पाणउताऱ्याची भीती असेल तर माणूस ती पूर्ण पिकेपर्यंत तोंड उघडत नाही, आणि एकट्याच्या डोक्यात ती सहसा पिकतच नाही.

मीटिंगबद्दलही थोडं सांगायला हवं. अनेक कंपन्यांत नवं काही हवं झालं की दहा माणसं एका खोलीत बसवतात आणि ‘चला, ब्रेनस्टॉर्मिंग करू’ म्हणतात. ही रीत न्यूयॉर्कच्या जाहिरात धंद्यातल्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी रूढ केली. त्यांचे नियम चांगले होते: सुचवताना टीका नको, जितकं सुचेल तितकं बोला. पण येल विद्यापीठात १९५८ मध्ये तपासून पाहिलं, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना, दुहेरी आलेल्या वगळूनही, जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ह्यात मोठा वाटा वाट बघण्याचा आहे. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात किंवा गिळतात. आपल्याकडे त्यात मान-मरातब येतो. साहेब आधी बोलले की त्यांच्या वाक्याभोवतीच मीटिंग फिरते. म्हणून आधी दहा मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहावं, मग कागद फिरवावेत, आणि सगळ्यांत वरच्या माणसाने सगळ्यांत शेवटी बोलावं. मी हे करून पाहिलं आहे. पहिल्या दिवशी जरा विचित्र वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी असे लोक बोलू लागतात ज्यांचा आवाज आपण तोवर ऐकलेलाच नसतो.

गडचिरोलीतले मणी

कामाच्या जागी नवनिर्मिती म्हटलं की लॅब, कॉम्प्युटर, मोठा खर्च डोळ्यांसमोर येतो. मला एक मण्यांची पट्टी आठवते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने दगावत. न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण आहे, श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं तान्हं बाळ ५० किंवा जास्त, तर धोका. गावात बाळाजवळ रात्री-अपरात्री पोचू शकेल अशी बाई म्हणजे दाई. पण दायांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती, आणि पन्नास-साठपर्यंत मोजणं जमत नव्हतं.

इथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे दायांना ‘अडाणी’ ठरवून बाजूला करायचं. बंगांनी दुसरी घेतली आणि मोजण्याचं साधन बाईच्या हाताजोगतं केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. वाळू पडायला लागली की बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

ज्यांना आदिवासी घाबरून दवाखान्यात येत नाहीत एवढंच दिसतं, ते त्यांना समजावायला जातात. बंगांनी लोकांना विचारलं की दवाखाना कसा हवा. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ‘सर्च’च्या शोधग्राम ह्या परिसरात गोंड गावासारख्या झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभा राहिला, त्यांच्या देवीच्या नावाने, माँ दंतेश्वरी दवाखाना.

पुढे ह्याच वाटेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. मला त्या सगळ्यात मणी आठवतात. दाईला काय येत नाही, ह्यापेक्षा तिला काय येतं ह्यावर ते बेतले आहेत.

वही

मी काय करतो ते सांगून थांबतो. आमच्याकडेही सूचना पेटी होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. टोयोटात १९५१ पासून कामगारांच्या सूचनांची पद्धत चालू आहे, अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहून आणलेली. त्यातली मी उचललेली गोष्ट एकच: सूचनेला उत्तर मिळतं. म्हणून पेटी काढली आणि मशीनशेजारी दोरीला बांधलेली एक वही ठेवली. चार रकाने: कोणी सांगितलं, काय सांगितलं, उत्तर कधीपर्यंत, उत्तर काय. तिसरा रकाना मी समोरच भरतो. उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असतं. ‘नाही’ने माणूस दुखावत नाही, कारण सांगितलं की पटतं, कधी कधी तो त्यातून दुसरंच काही काढून आणतो. दुखावतो तो ‘बघू’ने. ‘बघू’ हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही असं ठरवलं आहे.

वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद मी स्वतः लिहिली, उशिराने. मामांचं नाव, पॅडला खाच, आणि आठवेल तशी त्या दुपारची तारीख. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘सूचना बरोबर होती, ऐकली नाही.’ वही मामांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

“ही तारीख चुकलीय, साहेब. ही शुक्रवारची येते. त्या दिवशी बुधवार होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून तर तुम्ही घाईत होता.”